काकांची सासुरवाडी

पहिल्या ड्रायव्हिंग टेस्टमध्ये मी नापास झाले ती कॅनडामुळे. शेजारी परीक्षक, समोर राउंडअबाउट, आणि डोक्यात मात्र काकांनी आदल्या दिवशी सांगितलेली गोष्ट: क्यूबेकमधल्या एका खेड्यात दोन सख्ख्या भावांनी वेगवेगळी आडनावं का लावली. तिसऱ्या एक्झिटने बाहेर पडायचं होतं. मी तिसरा सोडला, चौथा सोडला, एक पूर्ण प्रदक्षिणा घातली आणि मग एकदम घाबरून, आरशात न बघता, भलत्याच रस्त्याला लागले. परीक्षक सभ्य माणूस होता. त्याने फक्त डोळे मिटून घेतले.

काकांना निकाल सांगितला तेव्हा त्यांनी माझं सांत्वन वगैरे केलं नाही.

"प्रदक्षिणा घातलीस म्हणून कोणी नापास करत नाही," ते म्हणाले. "आरशात बघितलं नाहीस म्हणून केलं. मागून कोण येतंय ते बघितल्याशिवाय माणसाने पुढे जाऊ नये. बरं, त्या दोन भावांचं पुढे काय झालं ते ऐक."

काका म्हणजे माझे कोणी सख्खे काका नव्हेत. लंडनच्या एजवेअरमधल्या यच्चयावत मराठी माणसांचे ते काका होते, कारण त्यातल्या निम्म्यांना त्यांनी गाडी शिकवली होती. मूळचे मालवणकडचे. तरुणपणी इकडे आले, आयुष्यभर ड्रायव्हिंग शिकवलं आणि निवृत्तीनंतरही हौस म्हणून चारदोन मराठी शिकाऊ धरून ठेवले. मी नागपूरची. नवऱ्याच्या व्हिसावर आले, मग एका फायनान्स कंपनीत लागले. गाडी शिकवायला सुरुवात नवऱ्यानेच केली होती, पण दुसऱ्याच दिवशी संसार मोडायची वेळ आली, तेव्हा कोणीतरी काकांचा नंबर दिला.

त्यांची लाल रंगाची छोटी गाडी होती. तिच्यात शिक्षकाच्या पायाशीही एक ब्रेक होता, आणि काका तो दोनच कारणांसाठी वापरत. एक, मी कोणाला तरी ठोकणार असेन तर. दोन, गोष्ट रंगात आलेली असताना रस्ता संपत आला असेल तर. दुसऱ्या प्रसंगी मागचे लोक हॉर्न वाजवायचे. काका काच खाली करून त्यांना हात दाखवायचे आणि वाक्य पुरं करायचे. राउंडअबाउट त्यांना फार आवडायचा, कारण तिथे गोष्ट संपेपर्यंत थांबायची गरज नसे.

आणि गोष्ट एकच असायची. सासुरवाडी.

आता काकूंबद्दल सांगायला हवं. काकू इंग्लिश. गोऱ्यापान, उंच, शाळेच्या कँटीनमध्ये पोरांना वाढण्यात जन्म गेलेला. लग्नानंतर काकांच्या आई मालवणहून येऊन बरीच वर्षं त्यांच्याकडे राहिल्या आणि त्यांना इंग्रजीचा एक शब्द शिकायचा नव्हता, म्हणून काकूच मराठी शिकल्या. सासूकडून शिकल्यामुळे ती मराठी सासूचीच होती. नवऱ्याला 'अहो', मला 'गो', आणि पार्सल उशिरा आणणाऱ्या माणसाला, हसून, 'मेल्या'. त्या माणसाला ते काहीतरी गोड वाटायचं. लिंगाचा मात्र त्यांनी कधी विचार केला नाही. "माझी चहा झाला, आता तुझा कॉफी करते," असं सरळ म्हणायच्या आणि आपल्यालाच वाटायचं की आपलं काहीतरी चुकतंय.

मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला त्या नऊवारी नेसून यायच्या. आणि तिथे, दरवर्षी, भारतातून नवी आलेली कोणीतरी मुलगी कौतुकाने विचारायची, "काकू, माहेरच्या कोण तुम्ही?"

हा प्रश्न आपण किती सहज विचारतो. नाव कळलं की पुढचा प्रश्न तोच. काकू कुंकवाचा करंडा पुढे करायच्या आणि म्हणायच्या, "माहेर नाही मला."

खरंच नव्हतं. युद्धात ससेक्सच्या किनाऱ्याकडे कॅनडाचे सैनिक येऊन राहिले होते. त्यातल्या एका फ्रेंच बोलणाऱ्या पोराचं आणि काकूंच्या आईचं जमलं. युद्ध संपलं, पोरगा जहाजात बसून गेला आणि काकू नंतर जन्मल्या. आईने दुसरं लग्न केलं नाही आणि काकूंचं लग्न व्हायच्या आतच ती वारली. भाऊ नाही, बहीण नाही, मामा-मावशी नाही. राहिला फक्त एक फोटो: सायकलला टेकून हसणारा, सुपाएवढ्या कानांचा एक सैनिक. आणि एक नाव: जोसेफ गोकी.

मंडळातल्या बायकांनी 'गोकी' ऐकल्याबरोबर काकूंना गोखल्यांच्यात जमा करून टाकलं होतं. काकूंना त्याचं काहीच वाटत नव्हतं. वाटत होतं ते काकांना.

"मी जावई आहे," काका गिअरवर हात आपटून म्हणायचे. "लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मला एकदा तरी कोणी पाटावर बसवलंय? दिवाळसण केलाय? अधिक महिन्यात वाण दिलंय? मंडळातला तो जोशी बघ, सासऱ्याने दिलेली अंगठी नाचवत फिरतो. मला कोणी रुमाल दिला नाही. सेकंड टाक, सेकंड."

असा तो शोध होता. निदान सांगायला तरी असा होता.

पहिली अडचण जोसेफची. काकांना वाटलं होतं की नाव हातात आहे, म्हणजे काम झालं. मग त्यांना कळलं की त्या काळी क्यूबेकमध्ये बाप्तिस्मा देताना जवळजवळ प्रत्येक मुलाचं पहिलं नाव जोसेफ आणि प्रत्येक मुलीचं मारी ठेवायचे. "म्हणजे आपल्याकडे प्रत्येक घरात एक बाळ आणि एक बेबी, तसं," काका म्हणाले. "आता बाळला शोधायचं म्हणजे कुठे शोधायचं?"

दुसरी अडचण आडनावाची. गोकी नावाचे फ्रेंच लोक नसतातच. मुळातलं नाव गोतिए, ते इंग्रज कारकुनांच्या हाती लागलं आणि ज्याला जसं ऐकू आलं तसं त्याने ठोकलं. कुठे गोकी, कुठे गोची, एका ठिकाणी तर चक्क गुची. काका हे सगळं वॉलपेपरच्या एका जुन्या गुंडाळीच्या पाठीवर लिहीत होते. गुंडाळी जिन्याच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत चिकटपट्टीने लावलेली. पायरीपायरीवर एकेक पिढी. वरच्या मजल्यावर बाथरूमच्या दाराशी मूळ पुरुष, जो फ्रान्सहून आला, आणि खाली बुटांच्या कपाटाशी काकू. काकूंनी मधल्या दोन पिढ्यांवर खिळे ठोकून कोट आणि टोप्या लावायला सुरुवात केली होती.

आणि तिसरी गोष्ट, जी काकांच्या मते अडचण नव्हतीच, उलट शकुन होता. त्या लोकांच्यात एकाच घराण्याला दोन आडनावं असायची आणि मध्ये 'दी' म्हणून एक शब्द. म्हणजे 'म्हणवणारे'. गोतिए, म्हणवणारे अमुक. गोतिए, म्हणवणारे तमुक. कोणी गावावरून म्हणवायचा, कोणी शेतावरून, कोणी पलटणीत पडलेल्या टोपणनावावरून. पुढे पोरं फुटायची आणि एक भाऊ पहिलं आडनाव धरून बसायचा, दुसरा दुसरं.

हे कळलं त्या दिवशी काकांनी मला गाडी बाजूला घ्यायला लावली.

"अगं, ही तर आपलीच माणसं!" त्यांचे डोळे चमकत होते. "आमच्या घराण्यात बघ. एक भाऊ प्रभू राहिला. दुसरा गाव सोडून गेला तो गावाचं नाव लावून 'कर' झाला. तिसऱ्याला वतन मिळालं, तो देसाई. तिघांचं कुलदैवत एक. तिकडच्या गोऱ्या लोकांना हे कळत नाही, म्हणून त्यांचा गोंधळ होतो. आपल्याला कोणी शिकवायला नको."

"काका, डबल यलो लाइनवर उभे आहोत आपण, दंड होईल."

"असू दे. आज चांगला दिवस आहे."

त्यानंतर फोन सुरू झाले. कॅनडातल्या ज्या कोणा गोतिएचा नंबर मिळेल त्याला काका फोन लावायचे. फ्रेंच त्यांनी लायब्ररीतल्या सीडींवरून शिकली होती, पण ती मालवणीसारखी हेल काढून बोलायचे. मी एकदा समोर बसून ऐकलं. "बोंजूर, बोंजूर! मी लंडनहून तुमचा जावई बोलतोय." बाकी सगळं इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये, पण 'जावई' हा शब्द मराठीत, कारण 'सन-इन-लॉ' म्हणण्यात काकांच्या मते काही मानच नव्हता. बरेच लोक फोन ठेवून द्यायचे. एका घरात म्हणे या फोनमुळे नवराबायकोत बराच वाद झाला. एक म्हातारी मात्र खूष झाली. तिचा या घराण्याशी काडीचा संबंध नव्हता, पण ती पुढे दर रविवारी स्वतःहून फोन करून काकांना तिच्या कोंबड्यांची खुशाली सांगायची.

काका प्रत्येकाला कुलदैवत विचारत. पलीकडून लोक गोंधळून 'सेंत आन' म्हणायचे, कारण तिकडे त्या संतिणीचं मोठं प्रस्थ आहे. काकांनी वॉलपेपरवर लिहिलं: अन्नपूर्णा.

एवढं सगळं चाललेलं असताना काकू शांत होत्या. मला वाटायचं की त्यांनाही गंमत वाटत असेल. तसं नव्हतं.

एके दिवशी काका डीएनए टेस्टची डबी घेऊन आले. आत एक नळी, तिच्यात थुंकायचं. मी नेमकी तिथे होते.

"थुंकणार नाही," काकू म्हणाल्या.

"अगं, एवढंसं. कोणी बघत नाही."

"आई म्हणायच्या, चांगल्या घरातली बाई थुंकत नाही." इथे 'आई' म्हणजे सासूबाई. मग त्या इंग्रजीत गेल्या. काकू रागावल्या की इंग्रजीत जायच्या, आणि आवाज चढवायच्या नाहीत. "तो माणूस आमच्यावर थुंकून निघून गेला. आता त्याच्यासाठी मी नळीत थुंकू? तुम्हाला जावई व्हायचंय म्हणून?"

काकांनी झाकण लावलं. डबी त्यांनी फ्रीजवर ठेवली, बटाट्यांच्या टोपलीमागे.

त्यानंतरच्या आठवड्यात माझा धडा संपवून आम्ही त्यांच्या घरी चहाला आलो, तर जिना मोकळा. भिंत स्वच्छ. टोप्या आणि कोट एका खुर्चीवर रचलेले. काका वर गेले, मीही मागोमाग गेले. बॉक्सरूममध्ये, म्हणजे त्या छोट्या तिसऱ्या खोलीत, काकूंनी ती गुंडाळी चिकटवून टाकली होती. वॉलपेपर म्हणून. गुलाबी फुलं बाहेर आणि सगळे पूर्वज भिंतीकडे तोंड करून. कडा नीट कापलेल्या, एक फुगा नाही. काकू शिडीवर उभ्या राहून शेवटची कड पुसत होत्या.

आता काय होतंय?

काकांनी एका फुलावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "छान लावलास."

"लावली," काकू म्हणाल्या.

आयुष्यात पहिल्यांदा काकूंनी दुसऱ्याच्या शब्दाचं लिंग सुधारलं होतं आणि तेही चुकीचं. हसायची कोणाची हिंमत झाली नाही.

काका त्या दिवसापासून फक्त गाडी शिकवायला लागले. आरसा, सिग्नल, क्लच. माझं पॅरलल पार्किंग सुधारलं आणि मला मुळीच आनंद झाला नाही. एकदा सिग्नलला थांबलेलो असताना मीच विचारलं, "काका, खरं सांगा, तुम्हाला काय तो जावयाचा मानच हवा होता का हो?"

ते समोर बघत होते. "छे गं. मान काय करायचाय? मला रुमाल विकत घेता येतात." दिवा हिरवा झाला तरी त्यांनी 'चल' म्हटलं नाही. "तुम्हा बायकांच्यात ती उभी राहते ना, तो करंडा घेऊन, आणि म्हणते माहेर नाही मला. मी हॉलच्या दारात चपला सांभाळत असतो. मला ऐकू येतं. दरवर्षी ऐकू येतं."

मागून हॉर्न वाजला. मला पुढचं नीट दिसेना, आणि गाडी बंद पडली.

पुढे मी महिनाभर नागपूरला जाऊन आले. सहज, आईकडे. परत आल्यावर आईने दिलेल्या पुडाच्या वड्या घेऊन काकूंकडे गेले. त्या इस्त्री करत होत्या. काकांच्या शर्टाची कॉलर दाबता दाबता त्यांनी विचारलं, "माहेरी जाऊन काय करतात गो?"

"काय करणार? काहीच नाही."

"काहीच नाही?"

"झोपते मी. दहा-दहा वाजेपर्यंत. आई उठवत नाही."

"काम असलं तरी?"

"काम असलं तरी. बाबा जोरात बोलले तर त्यांना दटावते. म्हणते, झोपू दे तिला, माहेरी आलीय."

काकूंनी इस्त्री उभी करून ठेवली. शाळेच्या कँटीनसाठी पहाटे उठायची त्यांना जन्मभराची सवय, ती निवृत्तीनंतरही गेलेली नव्हती. त्या आधी स्वतःच्या आजारी आईसाठी उठत, मग सासूच्या पूजेच्या पाण्यासाठी. "दहा वाजेपर्यंत," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि पुन्हा कॉलरीकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी काका बटाटे काढायला गेले तर डबी जागेवर नव्हती. काकूंनी नळी भरून, डबी बंद करून, स्वतः पोस्टात टाकली होती. "थुंकले," एवढंच त्या म्हणाल्या. "आता विचारू नका."

काकांनी विचारलं नाही. पण पोस्टमन दिसला की ते दार उघडून उभे राहायला लागले. उत्तर ईमेलने येणार आहे हे त्यांना कितीही सांगितलं तरी उपयोग नव्हता.

उत्तर आलं तेव्हा त्यात एक जवळचा नातेवाईक निघाला. अगदी जवळचा, बहुधा सावत्र भाऊ. क्यूबेकमधला एक निवृत्त शेतकरी, लेकीने नाताळात हौसेने ही टेस्ट भेट दिली म्हणून यादीत आलेला. पण आडनाव भलतंच. ना गोतिए, ना गोकी, ना गुची. लांद्रव्हिल.

"चुकलंय काहीतरी," काकू म्हणाल्या. आवाज साधाच होता, पण त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

काका मात्र ताडकन उठले. "चुकलेलं नाही! लांद्रव्हिल मी लिहिलंय. गोतिए, म्हणवणारे लांद्रव्हिल. एक फांदी आहे तशी. घरी एक नाव आणि पलटणीत दुसरं. मी लिहिलंय, देवाशपथ लिहिलंय, वरून चौथ्या-पाचव्या पायरीवर..." आणि ते थांबले. त्यांच्या लक्षात आलं की ती पायरी आता कुठे आहे.

काकू खाली गेल्या. परत आल्या त्या वाफेचं यंत्र आणि खरवडणी घेऊन. आम्ही तिघं त्या बॉक्सरूममध्ये मावत नव्हतो, म्हणून काका आणि मी दारात उभे. काकू वाफ धरायच्या, फुलं ओली व्हायची, आणि एकेक पट्टा अलगद सोलून त्या उलटा करून बघायच्या. शाई पसरली होती. अर्ध्या जोसेफांचे पाय गेले होते. काका दारातून सूचना देत होते, "सावकाश, सावकाश, ते खापरपणजोबा आहेत!" शेवटी खिडकीखालचा एक पट्टा निघाला आणि काकूंनी तो उजेडात धरला. काकांचं वळणदार बाळबोध अक्षर. गोतिए, म्हणवणारे लांद्रव्हिल. गाव तेच, ईमेलमध्ये शेतकऱ्याचं म्हणून आलेलं.

काकू तो ओला कागद हातात घेऊन पलंगावर बसल्या. "अहो," त्या म्हणाल्या, "बरोबर आहे." आणि मग त्या रडल्या. मी त्यांना रडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. काका शेजारी जाऊन बसले, आणि नाक पुसायला त्यांच्याजवळ रुमाल नव्हता.

बाप तर केव्हाच वारला होता. भावाने फोनवर सांगितलं की युद्धाबद्दल म्हातारा कधी बोलला नाही, इंग्लंडातल्या मुलीबद्दल तर मुळीच नाही. त्याला माहीत होतं की नव्हतं, हेही आता कळायला मार्ग नव्हता. काकूंनी ते ऐकून घेतलं. माफबिफ काही केलं नाही. "तो तो, आणि हा हा," म्हणाल्या.

भावाने मोकळेपणाने सांगितलं, तिकीट काढा आणि या. पण काका अडून बसले.

"अशी कशी जाईल? मुराळी यायला हवा."

"कोण?" मी विचारलं, जरी मला कळलं होतं.

"मुराळी. पहिल्यांदा माहेरी न्यायला माहेरचा माणूस यावा लागतो. मी त्याला कळवलंय."

त्या बिचाऱ्याने आयुष्यात विमानात पाय ठेवला नव्हता. पण तो आला. मी तोवर टेस्ट पास झाले होते, कितव्यांदा ते विचारू नका, आणि हीथ्रोवरून त्याला आणायला मीच गाडी घेऊन गेले. काका शेजारी बसून अदृश्य ब्रेक दाबत होते. समोरून आला तो सत्तरीचा, आडव्या हाडाचा माणूस, हातात टोपी, आणि हुबेहूब फोटोतले ते कान.

काकूंनी ठरवलं होतं की शिष्टपणे वागायचं. दार उघडून त्या सरळ उभ्या राहिल्या. तो उंबऱ्याबाहेर टोपी चुरगाळत उभा, तोंडातून इंग्रजी फुटेना, आणि मग त्याला रडूच कोसळलं. काकू त्याच्याकडे बघत राहिल्या. मग सासूच्या आवाजात म्हणाल्या, "आत ये मेल्या. जेवलास का?"

तो काकांकडे वळला. "काय म्हणाली?"

"वेलकम म्हणाली," काका म्हणाले.

जेवायच्या आधी त्याने बॅगेतून काकांसाठी एक पुडकं काढलं. जाड, लालकाळ्या चौकड्यांचा, लोकरीच्या अस्तराचा शर्ट. तिकडे बर्फात लाकडं तोडताना घालतात तसला. काकांनी तो दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला आणि पाटावर जाऊन बसले. पाट त्यांनी सकाळीच मांडून ठेवला होता. गुडघ्यांमुळे उठताना आम्हा तिघांना त्यांना ओढावं लागलं.

आठवड्याने काकू भावाबरोबर गेल्या. निघायच्या दिवशी काकांनी मेव्हण्याला कोपऱ्यात घेऊन माहेरपणाचे नियम समजावले. तिला काम सांगायचं नाही. निघताना ओटी भरायची, नारळ मिळाला नाही तर दुसरं कुठलंही फळ चालेल. आणि नवऱ्याने मागोमाग यायचं नसतं, म्हणून मी येत नाही. तो गंभीरपणे मान डोलवत होता. या शेवटच्या नियमाबद्दल मी काकांना नंतर छेडलं. म्हटलं, तुम्हीही गेला असता की, फुकटचा मान मिळाला असता. ते म्हणाले, "मी गेलो तर ते माहेरपण कसलं? ती ट्रिप झाली."

गणपतीत मंडळाने शाळेचा हॉल घेतला होता. आत गच्च गर्दी, हीटिंग चुकून चालू राहिलेलं, आणि त्यात काका तो लालकाळा शर्ट घालून उभे. गळ्यापर्यंत बटणं लावलेली. घामाने निथळत होते. येणारा प्रत्येकजण आधी शर्टाकडे बघायचा, मग इकडेतिकडे बघून विचारायचा, "काकू दिसत नाहीत?"

"माहेरी गेलीय," काका म्हणायचे.

जोश्यांना त्यांनी दोनदा सांगितलं. ज्यांनी विचारलं नाही त्यांनाही सांगितलं. आरती संपल्यावर हॉलची चावी घ्यायला शाळेचा इंग्लिश केअरटेकर आला, त्यालाही सांगितलं, मराठीत.

परत यायची तारीख आली आणि काकूंनी मुक्काम वाढवला. मला वाटलं काका खचतील. मी डबा घेऊन गेले तर ते स्वयंपाकघरात सगळे डबे ओट्यावर मांडून बसले होते. खिचडी टाकायची होती आणि जिरं सापडत नव्हतं. मी शोधू लागले, तर म्हणाले, "तू बस, तिलाच विचारतो," आणि फोन स्पीकरवर टाकला.

फोन भावाने उचलला. बोंजूर झालं, खुशाली झाली. मग तो हळू आवाजात म्हणाला, "ती झोपलीय अजून. उठवू का?"

काकांनी घड्याळाकडे बघितलं. इकडे दुपार कलायला आली होती. बोटांवर तास मागे मोजले, मग पुन्हा एकदा मोजले.

"नको, नको!" ते घाईने म्हणाले, आणि पुढचं मराठीतच निघून गेलं, तिकडे कळो न कळो. "झोपू दे तिला. माहेरी आलीय."

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. चेहरा असा फुललेला की मी दुसरीकडे बघितलं.

"दहा वाजून गेले गं तिकडे," ते म्हणाले. मग त्यांनी जिऱ्याशिवायच फोडणी दिली.